तंबूची दोन दारं

लेखांक 19

आज नकाराधिकारावर लिहायचं ठरलं होतं. तो विषय पुढच्या खेपेला. मधेच सांगलीहून एका निवृत्त शिक्षिकाबाईंचं पत्र आलं आणि त्या पत्राने मला माझ्या जुन्या वह्यांकडे ओढून नेलं.

बाई लिहितात: जानेवारी 2025 मध्ये रशियाच्या कुर्स्क भागात युक्रेनच्या सैन्याने दोन उत्तर कोरियन सैनिक जिवंत पकडले. दोघंही जखमी होते. दक्षिण कोरियाला जायची इच्छा त्यांनी पुढे बोलून दाखवली आणि दक्षिण कोरियाने त्यांना घ्यायची तयारीही दाखवली. ‘मग अडतं कुठे? त्या मुलांनाच विचारायचं, बाबांनो, कुठे जायचंय? सांगतील तिकडे पाठवायचं. यात कायद्याचा घोळ कशाला?’

बाई, नेमक्या याच प्रश्नावर एक युद्ध सव्वा वर्ष जास्त चाललं. तेही कोरियातच. आणि तो प्रश्न अखेर ज्यांच्या हाती सोपवला गेला, त्यांतले एक आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडगावचे होते.

आधी कायद्याचं बघू, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. 1949 च्या तिसऱ्या जिनिव्हा करारातलं कलम 118 सांगतं की लढाई थांबली की युद्धकैद्यांना विनाविलंब सोडून मायदेशी पाठवावं. कैद्याला काय वाटतं, हे विचारायची तरतूद त्यात नाही. हे विसरून राहिलेलं नाही. करार घडत असताना ऑस्ट्रियाने सुचवलं होतं की कैद्याला दुसऱ्या देशात जाण्याची मुभा असावी. ती सूचना फेटाळली गेली. का, हे समजायला तो काळ डोळ्यांसमोर आणावा लागतो. दुसरं महायुद्ध संपून चार वर्षं झाली होती आणि कित्येक जर्मन कैदी अजून सोव्हिएत छावण्यांमध्ये राबत होते. त्यांतले शेवटचे घरी पोहोचायला 1956 साल उजाडलं. ‘कैदी स्वतःच जायला नको म्हणतोय’ असं म्हणायची मुभा दिली, तर पकडणारा देश कोणालाही कायमचा अडकवून ठेवेल, ही भीती होती. म्हणून कलम कडक केलं. घराकडची ओढ प्रत्येकाला असतेच, हे गृहीत धरलं.

पुढच्याच वर्षी, 25 जून 1950 ला उत्तर कोरियाच्या फौजा 38 वी अक्षांशरेषा ओलांडून दक्षिणेत उतरल्या आणि हे गृहीतक कोलमडलं.

दक्षिणेकडच्या छावण्यांमध्ये, मुख्यतः कोजे बेटावर, एक लाखाहून जास्त कैदी जमा झाले. त्यांत दक्षिणेतून पकडून उत्तरेच्या सैन्यात ओढलेली मुलं होती. चिनी कैद्यांमध्ये पूर्वी च्यांग कै-शेकच्या फौजेत असलेले, यादवी युद्ध हरल्यावर माओच्या सैन्यात भरती झालेले असे पुष्कळ होते. एप्रिल 1952 मध्ये कैद्यांची चाळणी झाली, तेव्हा सुमारे 1,32,000 पैकी जेमतेम 70,000 परत जायला तयार दिसले. चीन आणि उत्तर कोरिया खवळले. त्यांचा मुद्दा कलमाच्या अक्षराला धरून होता: सगळे परत द्या. अमेरिकेचा मुद्दा वेगळा होता. 1945 मध्ये दोस्तांनी लाखो सोव्हिएत नागरिकांना, काहींना बळजबरीने, स्टालिनच्या हवाली केलं होतं. त्यांतल्या काहींनी गाडीत बसण्याऐवजी जीव दिला. ते पुन्हा करायचं नाही, असं अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी ठरवलं आणि 7 मे 1952 ला जाहीर केलं. त्याच दिवशी कोजे बेटावर कैद्यांनी छावणीप्रमुख अमेरिकन जनरल डॉड यांनाच पकडून आत डांबलं.

शस्त्रसंधीच्या बोलण्यांत सीमारेषेचा प्रश्न नोव्हेंबर 1951 मध्येच बऱ्यापैकी सुटला होता. 1952 च्या मे महिन्यापर्यंत बाकीची कलमंही मार्गी लागली. उरला होता फक्त कैद्यांचा प्रश्न, आणि त्या एका प्रश्नापायी डोंगरमाथ्यांवर माणसं मरत राहिली.

दोन्ही मुद्दे मला पटतात, आणि म्हणूनच हे प्रकरण माझ्या मनातून जात नाही. बाई म्हणतात ‘विचारायचं’. पण कोण विचारणार? कोजेच्या बराकींमध्ये रात्रीचं राज्य कैद्यांतल्याच म्होरक्यांचं होतं. कम्युनिस्टविरोधी बराकींमध्ये कैद्यांच्या अंगावर कम्युनिस्टविरोधी घोषणा गोंदल्या जात. काहींनी राजीखुशीने गोंदवून घेतल्या, काहींना धरून गोंदलं. अंगावर अशी अक्षरं घेऊन माणूस बीजिंगला परत कसा जाणार? परत जायचंय म्हणणाऱ्याला मारहाण होई, कधी खूनही. कम्युनिस्ट बराकींमध्ये हेच उलट्या दिशेने चालायचं. अशा जागी विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तराला ‘इच्छा’ म्हणायचं का?

दोघांच्या भांडणात वस्तू त्रयस्थाकडे अनामत ठेवायची रीत आपल्याला माहीत आहे. भारताच्या व्ही. के. कृष्ण मेनन यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मांडलेल्या ठरावाचा गाभा तोच होता. परत पाठवण्यासाठी बळ वापरायचं नाही आणि परत जाणाऱ्याला अडवण्यासाठीही नाही; मधल्या काळात कैदी तटस्थ देशांच्या आयोगाकडे राहतील. 3 डिसेंबर 1952 ला ठराव 54 विरुद्ध 5 मतांनी संमत झाला. विरोधात सोव्हिएत गट होता, आणि चीननेही तो धुडकावला. मग 5 मार्च 1953 ला स्टालिन गेला. महिन्याभरात चीनचा सूर बदलला आणि 8 जूनला कैद्यांबाबत जे कलमबद्ध झालं, त्यात मेनन यांच्या ठरावाचा सांगाडा स्पष्ट दिसतो.

दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांना हे मुळीच मान्य नव्हतं. 18 जूनला त्यांनी छावण्यांची दारं उघडून परत जायला नकार देणारे 25,000 हून जास्त कोरियन कैदी परस्पर सोडून दिले. तरीही 27 जुलैला पानमुनजोममध्ये सह्या झाल्या. बोलणी 2 वर्षं 17 दिवस चालली होती. ऱ्हींनी सही केली नाही. झाली ती शस्त्रसंधी. तह आजतागायत झालेला नाही.

आयोगावर स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि भारत होते. पहिले दोन एका बाजूचे, पुढचे दोन दुसऱ्या बाजूचे, म्हणजे कौल नेहमी भारताच्या मतावर. अध्यक्षपद भारताकडे, आणि प्रत्यक्ष पहारा द्यायला फौजही फक्त भारताची. भारतच का? भारताने जून 1950 मध्ये उत्तर कोरियाला आक्रमक ठरवणाऱ्या ठरावाच्या बाजूने मत दिलं, पण लढायला फौज पाठवली नाही. कर्नल रंगराज यांच्या हाताखाली 60 वं पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स हे वैद्यकीय पथक पाठवलं. ऑक्टोबर 1950 मध्ये चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी मध्यरात्री आपले राजदूत पणिक्करांना बोलावून सांगितलं की अमेरिकन फौजा 38 वी रेषा ओलांडतील तर चीन युद्धात उतरेल. दिल्लीने तो निरोप पोहोचवला, पण वॉशिंग्टनने मनावर घेतला नाही, आणि चीन उतरला. पुढे चीनला आक्रमक ठरवणाऱ्या ठरावाविरुद्ध भारताने मत दिलं. दोन्ही बाजूंचा भारतावर अर्धाच विश्वास होता. त्रयस्थाला तेवढाही फार क्वचित मिळतो.

अध्यक्ष झाले लेफ्टनंट जनरल के. एस. थिमय्या. पहारेकरी फौजेचे, म्हणजे कस्टोडियन फोर्स इंडियाचे प्रमुख झाले मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, वडगावचे. दोघांची जोडी जुनी होती. जानेवारी 1945 मध्ये ब्रह्मदेशात आराकान किनाऱ्यावर कांगॉची घनघोर लढाई झाली. तिथल्या 51 व्या ब्रिगेडमधल्या तीनही पलटणींचे प्रमुख भारतीय होते: थिमय्या, थोरात आणि एल. पी. सेन. तिघांनाही डीएसओ मिळालं. जपान्यांच्या बंकरवर चढून गेलेले हे अधिकारी. आठ वर्षांनी त्यांच्यावर काम आलं ते गोळी न झाडण्याचं.

पहिली अडचण तिथे पोहोचण्याची होती. एकाही भारतीय सैनिकाचं पाऊल आमच्या भूमीवर पडू देणार नाही, असं ऱ्हींनी बजावलं होतं. ते गंमत करत नव्हते. मग इंचॉन बंदरात आलेल्या आपल्या जवानांना जहाजावरून हेलिकॉप्टरने उचलून थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. तो पट्टा जेमतेम चार किलोमीटर रुंद. पाच हजारांहून जास्त माणसं अशी हवेतून नेली. तिथे उभ्या राहिलेल्या तळाला त्यांनी नाव दिलं हिंदनगर.

सप्टेंबर 1953 मध्ये दक्षिणेकडून 22,604 कैदी ताब्यात आले: 14,704 चिनी आणि 7,900 कोरियन. उत्तरेकडून 359 आले, त्यांत 335 कोरियन, 23 अमेरिकन आणि 1 ब्रिटिश. आल्या आल्या घोषणा, दगडफेक, तारा हलवणं सुरू झालं. 25 सप्टेंबरला कैद्यांनी एका भारतीय मेजरला आत ओढून नेलं. बंदुका रोखलेलं पथक बाहेर उभं होतं. थोरातांनी गोळीबाराचा हुकूम दिला नाही. ते स्वतः तारेच्या आत, संतापलेल्या शेकडो माणसांमध्ये गेले, त्यांच्याशी बोलत राहिले आणि मेजरला सोडवून आणलं. या प्रसंगापाशी मी दर वेळी थांबतो. गोळी झाडली असती तर त्या दिवशी कोणी दोष दिला नसता. पण मग शेवटपर्यंत एकही कैदी भारतीय पहाऱ्यावर विसंबला नसता. पुढे ऑक्टोबरच्या पहिल्या दिवसांत गोळीबार करावा लागला आणि काही कैदी मेले, हेही इथेच नोंदवतो.

ठरलेली पद्धत अशी होती. 90 दिवस दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी आपापल्या कैद्यांना समजावतील: घरी या, तुम्हाला काही होणार नाही. यासाठी तंबू उभारले. प्रत्येक तंबूला दोन दारं. समजावणं ऐकून एका दाराने बाहेर पडलं की मायदेश, दुसऱ्याने पडलं की परत छावणी. 15 ऑक्टोबरला पहिल्या दिवशी सुमारे 500 चिनी कैदी आले. मायदेशाच्या दाराने गेले ते अवघे 10. मग आतल्या म्होरक्यांनी अख्ख्या बराकी अडवून धरल्या. कोणी तंबूकडे यायचंच नाही. चिनी प्रतिनिधी आग्रह धरत की त्यांना बळाने आणा. थिमय्यांनी नकार दिला. उलट बाजूला चिनी प्रतिनिधी एकेका कैद्याला तासन्‌तास बसवून ठेवत, त्यावरून अमेरिकन चिडत. 90 पैकी फक्त 10 दिवस हे काम झालं.

ज्यांना खरोखर घरी जायचं होतं, त्यांतले कित्येक तंबूकडे गेलेच नाहीत. ते रात्री तारेवरून उडी मारून भारतीय पहारेकऱ्याच्या अंगावर येऊन पडत. बाई, ‘विचारायचं कसं’ याचं मला सापडलेलं सगळ्यात खरं उत्तर हे आहे: जो धावत आला तर गोळी घालणार नाही, अशी खात्री वाटेल असा कुणीतरी कुंपणाबाहेर उभा करायचा.

मुदत संपली. ऱ्हींचे समर्थक आणि कम्युनिस्ट दोघंही भारताला पक्षपाती म्हणत होते. 20 जानेवारी 1954 पासून थिमय्यांनी उरलेले कैदी ज्यांनी आणून दिले होते त्यांच्याकडेच परत सोपवले. 14,000 हून जास्त चिनी तैवानला गेले. तिथे 23 जानेवारी हा स्वातंत्र्यदिन म्हणून पाळला जाऊ लागला. 21 अमेरिकन आणि 1 ब्रिटिश चीनला गेले. मायदेशी परतले दक्षिणेच्या गटातले सहाशेच्या वर. एवढ्या खटाटोपाचं फळ एवढंच का, असं विचारणारे तेव्हाही होते. मला ते फळ लहान वाटत नाही. तो तिढा असा हवाली करायला कोणी मिळालं, म्हणून तर 27 जुलैला तोफा थांबल्या.

आपल्या देशाबद्दल अभिमानाने लिहितो आहे, तेव्हा दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. 1971 च्या युद्धानंतर सैनिक आणि नागरिक मिळून सुमारे 93,000 पाकिस्तानी आपल्या ताब्यात होते. त्यांतले शेवटचे परत जायला एप्रिल 1974 उजाडला. त्या वेळी कलम 118 ची आठवण आपल्याला इतरांनी करून दिली. तो सविस्तर विषय आहे, लेखांक स्वतंत्र हवा.

आता पत्रातल्या दोघांकडे. कोरियानंतर कलमाचं शब्दांकन बदललं नाही, वापर बदलला. 1991 मध्ये आखाती युद्धानंतर परत जायला नकार देणारे हजारो इराकी कैदी सौदी अरेबियात राहिले. आज रेडक्रॉस परतीपूर्वी कैद्याशी एकांतात बोलते आणि परत गेल्यावर जिवाला धोका असेल तर पाठवू नये, हे बहुतेक सगळे मानतात. म्हणजे कायद्याने वाट मोकळी केली आहे. अडतं ते हिशेबात. युक्रेनचे हजारो लोक रशियाच्या कैदेत आहेत, आणि प्रत्येक कैदी अदलाबदलीचं चलन असतो. 1952 मध्ये अमेरिकेलाही उत्तरेत अडकलेल्या आपल्या मुलांची हीच धास्ती होती. शिवाय या दोघांचं एक वेगळंच. आपलं सैन्य रशियात लढतं आहे, हे उत्तर कोरियाने एप्रिल 2025 पर्यंत मान्यच केलं नव्हतं. ज्या सैनिकाला त्याचा देश ओळखत नाही, त्याला परत कोणाकडे पाठवायचं?

तंबूला दारं दोन असली, तरी 1953 च्या करारात तिसरी वाट लिहिलेली होती: ज्याला दोन्हीकडे जायचं नाही, त्याने तटस्थ देश मागावा. च्वे इन-हुन यांची 1960 ची ‘ग्वांगजांग’ ही कोरियन कादंबरी याच वाटेवरच्या माणसाची आहे. तिचा नायक भारताकडे निघालेल्या जहाजावरून समुद्रात नाहीसा होतो. प्रत्यक्षात 88 जण आपल्या फौजेबरोबर फेब्रुवारी 1954 मध्ये भारतात आले. त्यांत 12 चिनी होते, बाकीचे कोरियन. त्यांना ठेवून घेणारा देश शोधण्यात दोन वर्षं गेली. मग बरेच जण ब्राझीलला गेले, काही अर्जेंटिनाला, आणि मोजके काही भारतातच राहिले. कुर्स्कच्या त्या दोन मुलांना ‘या’ म्हणणारा देश तरी आहे.