धनुष्याला कानस लावताना

सीतास्वयंवरात शिवधनुष्य कोणी मोडले, हे शेंबडे पोरही सांगेल. ते घडवले कोणी असे विचारा, की विश्वकर्म्याचे नाव घेऊन आपण मोकळे! पण त्या विश्वकर्म्याच्या पेटीत कानशी कोणत्या होत्या, याची चौकशी कोणी केलेली नाही. लाकडाचे धनुष्य स्वतः घडवण्याचा नाद लागल्यापासून मला मात्र मोडणाऱ्यापेक्षा घडवणाऱ्याचेच कौतुक अधिक वाटते.

कारण हा हिशेबच अवघड. खुर्चीचा पाय जरा बारीक झाला तर बिघडत नाही. सांध्यात फट राहिली तर सुतार लांबी भरतो. धनुष्याचे एकदा काढलेले लाकूड परत घालता येत नाही. शिवाय भुजेची रुंदी एक दशांश घटवली, तर ताठपणा एक दशांशच उतरतो. पण दहा मिलिमीटर जाडीची भुजा नऊ मिलिमीटर केली, की तो 27 टक्के जातो! ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, त्याचा हा प्रताप. म्हणून कोणती कानस कुठे थांबवायची, यातच सारे शहाणपण.

कच्चा आकार काढायला रास्प हवी. कानशीवर ओळीने सलग धारा असतात, रास्पवर सुटे सुटे दात. सगळ्यांत खादाड रास्प नालबंदाची. घोड्याचे खूर घासण्यासाठी केलेली ही लांबरुंद पट्टी लाकूडही भराभर खाते. पण तिचे ओरखडे खोल जातात. समजा, ते अर्धा मिलिमीटर खोल गेले. ते घालवायला सारी भुजा तेवढी उतरवावी लागते, आणि दहा मिलिमीटरांच्या भुजेतला 14 टक्के जोर भुश्याबरोबर उडतो. म्हणजे 50 पौंडांचे धनुष्य 43 वर आले! तेव्हा भुजा वाकू लागण्याच्या आधीच या बाईंना निरोप द्यावा.

फ्रान्समध्ये लिओजिए, ओरिऊ यांच्या कारखान्यांत रास्पचा एकेक दात कारागीर हाताने उठवतो. हाताने उठवलेले दात थोडे मागेपुढे पडतात, म्हणून एकाच चरीतून दोनदा जात नाहीत आणि लाकूड गुळगुळीत राहते. यंत्राच्या सरळ रांगा मात्र नांगरासारखे तास पाडतात. निकोल्सनच्या 49 आणि 50 क्रमांकाच्या रास्पमध्ये यंत्रानेच हा विस्कळीतपणा साधलेला आहे. त्यांतली 50 अधिक बारीक. एकच घ्यायची तर मी अर्धगोल घेईन: सपाट बाजू भुजेला, गोल बाजू मुठीच्या खोलगटीला.

त्यानंतर कानस. मधल्या खरखरीतपणाच्या कानशीला इंग्रज कारागिरांनी चक्क एक शिवी बहाल केली आहे. आमच्याकडचे फिटरही तिला बिनदिक्कत ‘बास्टर्ड’ म्हणतात. भाषेच्या मास्तराने यावर काय बोलावे? पण काम ती कुलीन करते. तिच्या दातांत भुसा अडकू नये म्हणून आधी खडू चोळावा. (खडूचा हा उपयोग आमच्या वर्गात कोणाला सुचला नव्हता!) मूठ बसवल्याशिवाय कानस हाती धरू नये, नाहीतर तिचे टोक तळहातात शिरते. आणि दाब फक्त पुढे जाताना द्यावा. शेवटचा तोल साधायला कानसही नको; धारेच्या पात्याने खरवडावे.

हे सारे धनुष्याच्या पोटावर, म्हणजे तिरंदाजाकडच्या अंगावर. पाठीवर दोरी ओढताना ताण पडतो. तिथला एखादा तंतू तुटला की चीर तिथूनच सुरू होते. म्हणून पाठीवर एकच वर्षवलय अखंड राखतात. बांबूच्या धनुष्याची टणक साल राखतात, तीही याचसाठी.

‘मेरी रोज’ हे इंग्रज जहाज 1545 साली बुडाले. रॉजर ॲस्कमचा ‘टॉक्सोफिलस’ हा धनुर्विद्येवरचा ग्रंथही त्याच वर्षीचा! 1982 मध्ये जहाज वर काढले गेले. त्यावर सापडलेली शेकडाहून अधिक यू लाकडाची धनुष्ये जवळजवळ सहा ते सात फूट लांब आहेत. त्यांच्या पाठीला बाहेरचे फिकट, ताण सोसणारे लाकूड आहे, पोटाला आतले तांबूस, दाब सोसणारे.

शेवटी दोरीच्या खाचा. उंदराच्या शेपटीसारखी निमुळती कानस इथे फसवते. खाच एकीकडे रुंद, दुसरीकडे अरुंद होते. यांत्रिक करवतीला धार लावण्याची चार-पाच मिलिमीटरांची गोल कानस टोकापर्यंत सारख्या जाडीची असते, ती घ्यावी. खाच दोन्ही कडांना तिरपी पाडावी, पाठ ओलांडू नये, आणि तिची धार काचकागदाने मोडावी. नाहीतर तीच दोरी कापते.