डाळिंबाच्या सालीची करामत

सांगोल्याचं 'भगवा' वाणाचं डाळिंब फोडलं की दाणे वाटीत जातात आणि साल उकिरड्यावर. चीनमधल्या पारंपरिक औषधांच्या दुकानांत मात्र याच सालीचे वाळवलेले तुकडे तोलून विकले जातात. तिथे तिला 'शिलिउपी' म्हणतात. चिनी औषधकोशात तिची मात्रा ३ ते ९ ग्रॅम दिली आहे. उपयोग? जुनाट जुलाब, रक्ती आव, पोटातले जंत. आपल्याकडच्या आजीबाईच्या बटव्यातही ती जुलाबासाठीच असते. शिवाय खोकल्याची ढास लागली की तिचा तुकडा दाढेखाली धरायचा.

हे घडतं कसं? सालीचा कण चावून पाहा. जीभ आकसते, तोंड कोरडं पडतं. सालीत टॅनिनं ठासून भरलेली असतात, त्यांतलं प्रमुख प्युनिकॅलॅजिन. टॅनिनं प्रथिनांना घट्ट पकडतात. लाळेतली प्रथिनं पकडली गेली की तिचा बुळबुळीतपणा जातो. तीच पकड आतड्याच्या अस्तरावर बसली की पाझर कमी होतो. कातडी कमावायलाही ही साल पूर्वापार वापरली जाते, कारण कातडी हेही प्रथिनच! जिभेवरचा तुरटपणा, आवरलेले जुलाब आणि न कुजणारं चामडं या तिन्हींमागे एकच रसायन आहे, हे कळल्यापासून मला साल टाकवत नाही.

झाडाने ही टॅनिनं साठवली ती आपल्या पोटासाठी नव्हे. बुरशी, किडी आणि जिवाणूंपासून दाणे राखायचं ते चिलखत आहे. तरीही तेल्या रोगाचा जिवाणू ते भेदतो आणि बागाच्या बागा उद्ध्वस्त करतो. सोलापुरात २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र उभं राहिलं. तिथल्या संशोधकांची तेल्याशी झुंज अजून चालूच आहे.

सालीइतकंच थक्क करतं ते जुन्या वैद्यांचं तारतम्य. जुलाब नुकतेच लागले असतील तर साल देऊ नये, असं चिनी परंपरा सांगते. चरकसंहितेतही आमातिसारात, म्हणजे अपचनाच्या जुलाबांत, सुरुवातीलाच स्तंभन करू नये, म्हणजे जुलाब रोखू नयेत, असं बजावलं आहे. दोषी द्रव्य आधी बाहेर पडू द्यायचं, मग आवरायचं. आजचे डॉक्टरही जुलाबाबरोबर ताप आणि रक्त असेल तर ते थांबवणारी औषधं द्यायचं टाळतात. आधी पाजतात मीठ-साखरेचं पाणी.