घर पेठेत की हद्दीबाहेर?

अब्बांच्या इंतकालाला वर्ष होत आले, तेव्हा आम्ही तीन भाऊ आणि दोन बहिणी अम्मींच्या खोलीत बसलो. विषय घराचा होता. कोल्हापूरच्या जुन्या पेठेत दीड गुंठ्यावर अब्बांनी बांधलेले हे घर. खाली दोन खोल्या दगडविटांच्या, वर पत्र्याची शेड. मागच्या बाजूची भिंत शेजाऱ्याची आणि आमची एकच. धाकट्याचे लग्न ठरले होते आणि त्याच्यासाठी खोली नव्हती.

धाकट्याने आधीच एक जागा पाहून ठेवली होती. शहराच्या दक्षिणेला, महापालिकेच्या हद्दीबाहेर, दोन गुंठे. "भाईजान, इथल्या एका खोलीच्या पैशात तिथे अंगणासकट घर होतंय," तो म्हणाला. थोरल्यांचे म्हणणे वेगळे. मशीद, शाळा, दवाखाना, मंडई सगळे इथे पायाखाली आहे, तेव्हा इथेच वर मजले चढवावेत. आपा बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मजले चढवा नाहीतर विका, पण आमच्या दोघींच्या हिश्शाचं काय ते आधी सांगा."

खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. खरे सांगायचे तर आम्ही तिघांनीही तो विचार केला नव्हता. अम्मींचा आठवा हिस्सा, उरलेल्याचे आठ भाग, त्यातले दोन-दोन भावांचे आणि एक-एक बहिणींचा. हे गणित आम्हाला लहानपणापासून पाठ आहे. पण दीड गुंठ्यावर ते मांडायची वेळ कधी आली नव्हती.

ती त्या रात्री आली. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. दीड गुंठा १६३३. बांधकाम किती करता येते हे चटई क्षेत्र निर्देशांकावर ठरते. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई व काही विशेष क्षेत्रे सोडून राज्यभर एकच बांधकाम नियमावली लागू झाली. तिच्याप्रमाणे दाट वस्तीच्या जुन्या भागात मूळ निर्देशांक १.५० आहे. म्हणजे आमच्या जागेवर सुमारे २४५० चौरस फूट. जिना, बाल्कनी वगैरेंसाठी शुल्क भरून वेगळे क्षेत्र मिळते, ते सोडून द्या. या २४५० मधून अम्मींचे ३०६ गेले, की भावाच्या वाट्याला ५३६ आणि बहिणीच्या वाट्याला २६८ चौरस फूट येतात. भावांनी बहिणींचा हिस्सा पैशात द्यायचा म्हटले, तर बांधकामाच्या खर्चावर तो वेगळा बोजा. ज्या घरांत हा प्रश्न सुटत नाही तिथे काय होते ते आपण सर्वजण पाहतो. बहिणीकडून 'हक्कसोड' लिहून घेतली जाते आणि तिने आनंदाने सोडला असे सांगितले जाते.

मग जास्त मजले का नाहीत? याचे उत्तर आमच्या गल्लीत आहे. विकत घेतलेला वाढीव निर्देशांक किंवा टीडीआर घेऊन उंच बांधायचे, तर समोरचा रस्ता किमान नऊ मीटर लागतो. शहराच्या मध्यवस्तीतल्या बहुतेक गल्ल्या घोडे-बैलगाड्यांच्या काळातल्या. तिथे नऊ मीटर कुठून आणायचे? नियमामागचे कारण खोटे नाही. आग लागली तर बंब आत यायला हवा. पण त्याचा परिणाम असा, की जिथे बाजार, शाळा, सीपीआर रुग्णालय आणि बस सर्व काही चालत जाण्याच्या अंतरावर आहे, तिथे घरे वाढू शकत नाहीत. आणि जिथे यांतले काहीच जवळ नाही, तिथे शेतात प्लॉट पडतात.

कोल्हापूरची पूर्वीची वाढ अशी नव्हती. १८९५ मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली, ती रेल्वेच्या सोयीने. कोल्हापूर–मिरज रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली होती, गुळाला बाजार हवा होता आणि पेठ स्टेशनाजवळ आली. पुढची राजारामपुरी पाहा. सरळ, समांतर गल्ल्यांना क्रमांक दिलेले, त्यामुळे नवखा माणूससुद्धा पत्ता विचारता विचारता पोचतो. रस्ता आधी आखला, घरे नंतर आली.

आता क्रम उलटा आहे. महापालिका १९७२ मध्ये झाली. तिची हद्द ६६.८२ चौरस किलोमीटर, आणि महापालिका झाल्यावर कित्येक दशके ती तेवढीच राहिली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आत, ५,४९,२३६ होती. पण पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, उचगाव या बाजूंना गेले, तर शहर कुठे संपते आणि गाव कुठे सुरू होते ते कळत नाही. हद्दवाढीचा वाद तर कोल्हापूरकरांना जेवणातल्या मिठाइतका ओळखीचा. शहरातले म्हणतात, गावे आमचे रस्ते, आमची बस, आमचे दवाखाने वापरतात, मग कर इथे का भरू नये? गावातले म्हणतात, तुमच्या हद्दीतल्या लोकांना तरी तुम्ही धड काय देता? शेतीवर आरक्षणे टाकाल, घरफाळा वाढवाल आणि आमची ग्रामपंचायत जाईल. आम्हाला दोन्ही बाजूंचे नातेवाईक आहेत, त्यामुळे ईदच्या दस्तरखानावर हा वाद आम्ही दोन्ही बाजूंनी ऐकला आहे. गावकऱ्यांची भीती आम्हाला पोकळ वाटत नाही. २०१७ मध्ये शासनाने मधला मार्ग म्हणून लगतच्या ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण नेमले. नकाशा त्याच्याकडे, पाणी ग्रामपंचायतीकडे, बस महापालिकेकडे. घर घेणाऱ्याने दाद कुठे मागायची हा प्रश्न राहतोच.

धाकट्याच्या प्लॉटपासून बिंदू चौक पाच-सहा किलोमीटर. त्याला ते काहीच वाटत नाही, त्याच्याकडे मोटरसायकल आहे. पण घरात फक्त तो राहणार नाही. होणारी भाभी संगणकाचा कोर्स पूर्ण करणार आहे. तिला दिवसातून दोनदा यायचे-जायचे. अम्मी त्याच्याकडे राहायच्या म्हटल्या, तर साखरेच्या तपासणीला दर महिन्याला शहरात. बस नेमाने येत नसेल तर स्त्री घरी बसते किंवा कोणीतरी सोडायची वाट पाहते. रिक्षाचे भाडे रोज परवडत नाही, आणि मुलीच्या शिक्षणाचा हिशोब करताना बाप नेमका तिथेच अडतो. शिकवायची इच्छा असलेले बापसुद्धा अडलेले आम्ही पाहिले आहेत. एसटीत मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत. अनेकांना वाटते की हे सगळीकडे चालते. शहर बसला ते लागू नाही, केएमटीचे दर आणि पास वेगळे.

केएमटीची अडचण साधी आहे. बस माणसांनी भरली तर चालते, आणि माणसे रस्त्याच्या कडेने दाट राहिली तर भरते. पाच किलोमीटरच्या शेतात इथे चार बंगले, तिथे सहा असे विखुरले, तर फेरी तोट्यात जाते. फेरी कमी झाली की लोक गाडी घेतात. गाडी घेतली की बस आणखी रिकामी. केंद्राच्या २०२३ च्या योजनेतून कोल्हापूरला १०० विजेवरच्या बस मंजूर झाल्या, ही चांगली गोष्ट. पण बस कोणत्याही इंधनावर चालो, थांब्यावर माणूस हवा.

आमचा एक भाचा कॅनडात टोरांटोजवळ असतो. फोनवर त्याला हे सांगितले तर तो हसला. "मामू, इथे रोज हाच वाद." तिथल्या शहरांत कित्येक दशके बहुतेक निवासी जमिनीवर एका प्लॉटला एकच कुटुंबाचे घर, असा नियम होता. घरे इतकी महाग झाली, की नोकरी करणाऱ्या जोडप्यालाही घेता येईनात. मग टोरांटोने मे २०२३ मध्ये एका प्लॉटवर चार घरांपर्यंतची परवानगी शहरभर दिली. व्हँकुव्हर ज्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आहे, त्याने त्याच वर्षी कायदा केला: शहरी रेल्वेच्या स्थानकापासून ८०० मीटर आणि बसच्या मोठ्या अड्ड्यापासून ४०० मीटरच्या आत ठरावीक उंचीपर्यंतच्या इमारतींना नगरपालिकेने दाटीचे कारण सांगून नाही म्हणायचे नाही. अशा जागी घरासोबत पार्किंग बांधण्याची सक्तीही काढली. एडमंटनने तर ती सक्ती २०२० मध्येच शहरभर काढून टाकली.

विरोध करणाऱ्यांचे म्हणणे भाच्याने प्रामाणिकपणे सांगितले. गल्लीचे रूप बदलेल, झाडे जातील, शाळा कमी पडतील. यातले काही आम्हाला श्रीमंतांचे लाड वाटले. पण एक गोष्ट तशी नव्हती. बर्नाबी या शहरात मेट्रोटाउन स्थानकाजवळच्या जुन्या, कमी भाड्याच्या इमारती पाडून टॉवर उभे राहिले आणि वर्षानुवर्षांचे भाडेकरू बाहेर पडले. त्यांत बाहेरून आलेली गरीब कुटुंबे बरीच होती. ओरड झाल्यावर शहराने भाडेकरूंच्या संरक्षणाचे धोरण केले. आणि टोरांटोची एग्लिंटन रस्त्यावरची रेल्वे, जिचे काम २०११ मध्ये सुरू झाले, ती एका तपाहून अधिक रखडली. रस्ता खणून ठेवलेला, कडेचे दुकानदार हवालदिल. ऐकून कोल्हापूरच आठवले.

बर्नाबीचा मुद्दा आपल्या मोहल्ल्यांना लागू पडतो. जुन्या पेठांत भाड्याने राहणारी कुटुंबे आहेत, पागडीवाले आहेत, खाली शिवणकाम किंवा बेकरी आणि वर संसार असे आहे. उद्या गल्ल्या रुंद करून उंच इमारतींना वाट दिली, तर त्यांना कुठे पाठवणार? शहरात दुसरीकडे भाड्याचे घर शोधायला गेलेल्या आमच्या ओळखीच्या एका शिक्षकाला आडनाव सांगितल्यावर तीन ठिकाणी फ्लॅट 'कालच दिला' असे ऐकायला मिळाले. मोहल्ल्यात दाटी असते त्याचे कारण फक्त मशिदीची ओढ नाही. म्हणून आमचे मत असे, की जुन्या वस्तीत बसच्या रस्त्यांलगत तीन-चार मजल्यांना सुलभ परवानगी द्यावी, छोट्या प्लॉटवाल्यांना एकत्र येऊन बांधता यावे, आणि भाडेकरूला त्याच जागी परत घर मिळेल हे परवानगीतच लिहावे.

एक अपवाद मात्र हवा, आणि तो पंचगंगा सांगते. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. सुतारवाडा, शुक्रवार पेठेचा नदीकाठ, बापट कॅम्प या भागांना पुराची सवय होती. २०१९ ला ज्यांना कधी वाटले नव्हते त्यांच्याही दारात पाणी आले. नकाशावर निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन वर्षांत दोनदा पाहिलेल्या कोल्हापूरकराने या रेषांना कागद समजू नये. निळ्या रेषेच्या आत स्वस्त घर मिळत असेल, तर ते स्वस्त का आहे हे विचारावे.

धाकट्याला आम्ही एवढेच सांगितले, की इसार देण्याआधी कागद बघ. सातबाऱ्यावर शेती आहे का? प्राधिकरणाकडून झोन दाखला घे, त्यात पट्टा रहिवासी आहे की हरित ते लिहिलेले असते. लेआउट मंजूर आहे का? शेतजमिनीचे गुंठे पाडून नोटरीच्या कागदावर विकण्याचा धंदा जुना आहे. २००१ चा गुंठेवारी कायदा अशी घरे नियमित करण्यासाठीच करावा लागला, पण उद्या आपले घरही नियमित होईल या आशेवर आयुष्याची कमाई लावू नये. प्लॉटवर रस्त्याचे किंवा शाळेचे आरक्षण असू शकते. आणि विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती-सूचना देण्याची मुदत असते, ती आपल्या मोहल्ल्यात कोणालाच कळत नाही. जुम्म्याच्या नमाजनंतर हरवलेल्या किल्ल्यांची सूचना होते, तशी ही का होऊ नये? अर्ज साध्या कागदावर मराठीत चालतो. गल्लीतल्या पन्नास घरांनी तो स्वतंत्रपणे दिला तर पन्नास हरकती नोंदल्या जातात.

झोन दाखल्याला धाकट्याने अर्ज केला आहे. तो येईपर्यंत इसार थांबवला. आपांच्या आणि धाकट्या बहिणीच्या हिश्शाचा कागद थोरल्यांनी स्वतः लिहून अम्मींच्या संदुकीत ठेवला. घर राहो वा विको, रक्कम आधी त्यांची.

गेल्या रविवारी फजरनंतर, गाड्या उभ्या राहायच्या आत, आम्ही टेप घेऊन गल्ली मोजली. एका टोकाला धाकटा, दुसऱ्या टोकाला आपांचा मुलगा. आमच्या दारासमोर सहा मीटर वीस सेंटीमीटर भरली. कोपऱ्यावर, जिथून बसचा रस्ता दिसतो, तिथे सात मीटर. समोरचे चाचा दात घासत बाहेर आले आणि त्यांनी विचारले, "काय रे, रस्ता रुंद होतोय काय?" आम्ही त्यांना चहाला बोलावले. त्यांचीही जागा दीड गुंठ्याचीच आहे आणि त्यांना चार मुलगे.