कोच आधी गुणपत्रिका मागतो

खरिपाच्या तोंडावर बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक घ्यायला एका गावी गेलो होतो. सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियम चोळून झाले, चहा झाला, मंडळी उठू लागली. तसा एक शेतकरी बाजूला येऊन उभा राहिला. म्हणाला, "साहेब, शेतीचं काम न्हाई. पोरीचं हाय. एवढं इंग्रजी वाचून सांगा."

पोरगी थाळीफेक करते. अकरावी कला शाखेतून झाली, आता बारावीला. तिने फेकीचा व्हिडिओ अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या प्रशिक्षकाला पाठवला होता आणि त्याचे चार ओळींचे उत्तर आले होते. फेक आवडली, आता नववीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका पाठवा.

बाप म्हणाला, "थाळी फेकायला गणिताचं मार्क कशाला पायजेत?" नववीत गणितात अडतीस होते. शहरातल्या एका एजंटाने सल्ला दिला होता की नववीचे राहू द्या, दहावीचे बरे आहे तेवढेच पाठवू. त्या सल्ल्याचे पैसे वेगळे.

मी कृषी पदविकेचा माणूस, खेळातला नाही. पण अडतीस गुण लपवायचे की दाखवायचे हा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून थोडी माहिती काढली. ती इतरांच्याही उपयोगी पडेल म्हणून इथे देत आहे.

आपल्याकडे खेळामुळे गुण मिळतात. दहावी-बारावीला खेळाडूला क्रीडा गुणांची सवलत असते. तिकडे उलटे आहे. गुण असतील तर खेळायला मिळते. कॉलेजांमधले बहुतेक मोठे सामने एनसीएए नावाच्या संस्थेखाली होतात आणि तिचे तीन विभाग आहेत. पहिल्या विभागात खेळायचे तर शाळेच्या शेवटच्या चार वर्षांत, म्हणजे आपल्या नववी ते बारावीत, ठरावीक सोळा विषय-वर्षे पूर्ण व्हावी लागतात. त्यात इंग्रजीची चार, गणिताची तीन, विज्ञानाची दोन, समाजशास्त्राची दोन, बाकी इतर. त्यांची सरासरी चारपैकी किमान २.३ लागते, दुसऱ्या विभागात २.२. व्यायाम, संगीत, वेल्डिंग अशा तासांचे गुण त्यात धरत नाहीत. त्यामुळे तिकडचाही एखादा पोरगा प्रगतिपुस्तकावर चांगला दिसतो आणि सोळा विषयांच्या हिशोबात नापास होतो. शिवाय सोळापैकी दहा शेवटचे वर्ष सुरू होण्याआधीच व्हावे लागतात, आणि त्यातले सात इंग्रजी, गणित, विज्ञानाचे. शेवटच्या वर्षी धावपळ करून मागचे भरून निघत नाही. प्रशिक्षक आधी गुणपत्रिका मागतो तो यासाठी.

दुसरे कारण पैशाचे आहे. कुस्तीचे उदाहरण आपल्याला लवकर समजेल. आयोवा आणि ओक्लाहोमा ही मका, गहू, डुकरे, गुरे यांची राज्ये आणि तिथल्या कॉलेजांत कुस्तीचे वेड कोल्हापूरसारखे. ओक्लाहोमा स्टेट हे मुळात शेतकी कॉलेज. १८६२ च्या कायद्याने सरकारी जमिनी देऊन जी विद्यापीठे उभी राहिली त्या घराण्यातले. (आमचे विस्तारकार्य त्याच विद्यापीठांकडून आले, तिकडे त्याचा कायदा १९१४ चा.) तर पहिल्या विभागातल्या कुस्तीच्या संघाला २०२४-२५ पर्यंत जास्तीत जास्त ९.९ शिष्यवृत्त्या देता येत, आणि तालमीत पोरे तीसेक. म्हणजे एकेका शिष्यवृत्तीचे तुकडे करून वाटायचे. २०२५ मध्ये न्यायालयातल्या तडजोडीनंतर ज्या कॉलेजांनी ती स्वीकारली तिथे शिष्यवृत्तीऐवजी संघातल्या मुलांच्या संख्येवर मर्यादा आली. पण तिजोरी काही अथांग झाली नाही. अशा वेळी ज्याला अभ्यासावर वेगळी शिष्यवृत्ती मिळते तो पैलवान प्रशिक्षकाला स्वस्त पडतो. तिसऱ्या विभागातल्या चारशेहून अधिक कॉलेजांत तर खेळाची शिष्यवृत्ती मुळी देतच नाहीत. हार्वर्ड, येल वगैरे आठ जुन्या विद्यापीठांच्या आयव्ही लीगमध्येही नाही. तिथे मदत मिळते ती घरची ऐपत बघून, आणि तिसऱ्या विभागात गुण बघूनही.

तिसरे कारण मला सगळ्यात पटले. मुलगा कॉलेजात गेल्यावर शिकतो की नाही याचाही हिशोब संघाच्या नावावर लिहिला जातो. २००३-०४ पासून प्रत्येक संघाचा हजारपैकी आकडा काढू लागले आणि ९३० ही पातळी ठरली. कनेक्टिकट विद्यापीठाच्या मुलांच्या बास्केटबॉल संघाने २०११ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले होते. त्याच संघाला या आकड्यापायी २०१३ च्या राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर राहावे लागले. खेळ कमी पडला नव्हता, अभ्यास पडला होता. तेव्हा कच्चा विद्यार्थी घेताना प्रशिक्षक दहादा विचार करणारच.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रशिक्षक कितीही खूश झाला तरी प्रवेश देणारा तो नव्हे, प्रवेश कचेरी. आयव्ही लीग आणि तिसऱ्या विभागात प्रशिक्षक शेवटच्या वर्षाआधीच्या उन्हाळ्यात गुणपत्रिका त्या कचेरीकडे नेतो आणि विचारतो, हा बसेल का? उत्तर 'नाही' आले तर तो दुसऱ्याकडे वळतो. ते 'नाही' जूनमध्ये कळले तर मुलालाही दुसरे कॉलेज शोधायला वेळ उरतो. मार्चमध्ये कळले तर वर्ष गेले. आणि लपवलेली गुणपत्रिका शेवटी निघतेच, कारण पात्रता तपासणाऱ्या केंद्राला नववीपासूनचे सगळे कागद द्यावे लागतात.

माती परीक्षणाला नमुना आणा म्हटले की काही मंडळी उकिरड्याजवळची काळीभोर माती पिशवीत भरून आणतात. अहवाल फर्स्टक्लास येतो. त्यावर खताची मात्रा काढली की पीक मात्र रानातल्या मातीत उभे असते. त्या शेतकऱ्याला मी एवढेच सांगितले. तो हसला, कारण दोन वर्षांपूर्वी त्यानेच तसा नमुना आणला होता.

तिकडे कायदाही असा आहे की गुणपत्रिका ही कुटुंबाची बाब. १९७४ च्या कायद्यानुसार शाळा सहसा पालकांच्या संमतीशिवाय मुलाचे गुण बाहेरच्या माणसाला देत नाही, आणि अठरा वर्षे पूर्ण झाली की तो हक्क मुलाचा. म्हणून प्रशिक्षक थेट मुलाकडे मागतो. यात एजंटाचे काम कुठे येते ते मला कळले नाही. पत्र पोरीनेच लिहावे, तिच्या साध्या इंग्रजीत. मात्र पहिल्या विभागातला प्रशिक्षक बऱ्याच खेळांत दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत मुलांना उत्तर देऊ शकत नाही. तोवर उत्तर आले नाही म्हणून हिरमुसू नये.

पाठवायचे कसे? पहिल्या खेपेला प्रशिक्षकाला स्वच्छ काढलेली प्रत चालते. पुढे पात्रता केंद्राला मूळ भाषेतले कागद आणि सोबत ओळीस ओळ इंग्रजी भाषांतर लागते. मराठी शाळेचे नववीचे प्रगतिपत्रक मराठीत असते, तिथे हे काम वाढते. टक्क्यांवरून अमेरिकी सरासरी आपल्या मनाने काढून लिहू नये, केंद्राचे स्वतःचे कोष्टक आहे. सॅट किंवा एसीटी ही परीक्षा एनसीएएच्या पात्रतेसाठी २०२३ पासून लागत नाही, पण एखादे कॉलेज प्रवेशासाठी मागू शकते. ते त्या कॉलेजलाच विचारावे.

हे सारे आपल्या पोरांना अशक्य नाही. दिल्लीचा उंच उडीपटू तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेट या अशाच शेतकी घराण्यातल्या विद्यापीठात शिकला, २०१८ आणि २०२२ मध्ये एनसीएएचा विजेता झाला, आणि २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने कांस्यपदक आणले.

या पोरीची खरी अडचण अडतीस गुण ही नव्हेच. तिने अकरावीला गणित सोडले आहे. गणिताची तीन वर्षे लागतात आणि तिची दोनच भरतात. एजंटाने हे तिला सांगितले नव्हते. आपल्याकडे खेळाडू मुले सरावाला वेळ मिळावा म्हणून कला शाखा घेतात आणि गणित सोडतात. दहावीच्या निकालानंतर, शाखा निवडण्याआधी, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

आम्ही दोघांनी मिळून पोरीला सांगितले, नववीसकट सगळे पाठव आणि गणिताचे सरळ लिही. शाळेत नववीचे प्रगतिपत्रक शोधायला अर्धा दिवस गेला. मुख्याध्यापकांनी कपाटातून जुने रजिस्टर काढले, दुय्यम प्रत लिहून शिक्का मारला. तिने त्याच रात्री पाठवले. तिसऱ्या दिवशी प्रशिक्षकाचे उत्तर आले. मोकळेपणाने कळवल्याबद्दल आभार, पहिल्या विभागातल्या आमच्या कॉलेजात सध्या अवघड दिसते, पण गणिताचे एक वर्ष कसे भरता येईल ते आमच्या कचेरीला विचारतो, आणि दरम्यान इतर विभागांतल्या कॉलेजांनाही लिही. बापाने ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. मग म्हणाला, "म्हंजे नाही म्हटलं न्हाई." पोरगी तोवर बारावीला गणित बाहेरून देता येते का ते विचारायला तालुक्याला गेली होती.