पापुद्र्याला आडवा टाका

वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फुगे मलूल होऊन कोपऱ्यात पडलेले असतात. नातवंडांनी कारण विचारले की आपण ‘गाठ सैल बसली असेल’ असे सांगून मोकळे होतो. गाठ बहुधा घट्टच असते. हवा जाते ती रबरातून. १८३१ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरी जॉन किअर्सली मिचेल नावाच्या एका डॉक्टरने ही साधी गोष्ट मनावर घेतली. वेगवेगळ्या वायूंपुढे रबराचा पातळ पापुद्रा धरून त्याने पाहिले, तर प्रत्येक वायूची पलीकडे जाण्याची गती निराळी निघाली. कार्बन डायऑक्साइड तर साध्या हवेच्या मानाने फारच घाईने पसार होत होता.

रबराला भोके नसतात. मग वायू जातो कसा? पॉलिमर म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. ताटात वाढलेल्या शेवयांसारखा त्यांचा गुंता असतो, आणि हा गुंता कधी स्वस्थ बसत नाही. वायूचा रेणू आधी या गुंत्यात विरघळतो, साखळ्यांच्या चुळबुळीत शेजारी क्षणभर पोकळी झाली की तिच्यात उडी घेतो आणि असे करत करत पलीकडे पोचतो. म्हणजे ही गाळणी नव्हे. गर्दीच्या फलाटावरून वाट काढत जाणे म्हणा. जो अंगाने बारीक आणि जो त्या गर्दीत मिसळून जाणारा, तो आधी पोचणार.

हे सगळे रीतसर मांडले ते १८६६ साली टॉमस ग्रॅहॅम यांनी. गृहस्थ स्कॉटलंडचे, रसायनशास्त्रज्ञ, आणि नोकरीने लंडनच्या सरकारी टाकसाळीचे प्रमुख. हीच खुर्ची पूर्वी न्यूटनने सांभाळली होती. (उभा जन्म बँकेत नोटा मोजण्यात गेलेल्या माणसाला या माहितीचा उगीचच आनंद होतो.) ग्रॅहॅमने रबराच्या पापुद्र्यातून हवा ओढून घेतली. आत शिरताना त्या हवेत २१ टक्के प्राणवायू होता, पलीकडे निघाला तेव्हा ४१ टक्क्यांच्या आसपास! एरवी हवेतले वायू वेगळे करायचे तर ती उणे १८० अंशांच्याही खाली थंड करून द्रवरूप करावी लागते. इथे ना भट्टी, ना बर्फ. नुसता एक पापुद्रा, आणि अलीकडे-पलीकडे दाबाचा फरक.

एवढा सोपा उपाय हाती असून मोठ्या कारखान्यांत त्याचा वापर सुरू व्हायला शंभरावर वर्षे गेली. कारण जाडी. पापुद्रा जाड असला तर वायू मुंगीच्या पावलाने जातो आणि पातळ केला तर फाटतो. हा तिढा सुटला १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात, आणि तोही पाण्यासाठी. समुद्राचे पाणी गोडे करण्याच्या खटपटीत सिडनी लोब आणि आपल्या भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी असा पडदा बनवला, की दुधावर साय धरावी तशी वर अतिशय पातळ घट्ट कातडी आणि खाली तिला पेलून धरणारा जाळीदार स्पंज, दोन्ही एकाच पदार्थाचे. पुढे त्याच तत्त्वावर केसासारखे पोकळ धागे काढता येऊ लागले. असे हजारो धागे एका पोलादी नळकांड्यात जुडीसारखे बांधून मोन्सॅन्टो कंपनीने १९८० मध्ये ते बाजारात आणले. अमोनियाच्या कारखान्यात वाया जाणारा हायड्रोजन परत मिळवणे हे त्यांचे काम. त्या धाग्यांच्या कातडीतही सूक्ष्म छिद्रे राहतच होती. ती बुजवायला वरून सिलिकॉन रबराचा पातळ हात दिला, छपराच्या गळतीवर डांबर फासावे तसा. माझ्या मते हा साधा हात हीच त्या साऱ्या प्रकरणातली खरी हुशारी.

या सिलिकॉन रबराची आणखी एक गंमत. १९६० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिक कंपनीत वॉल्टर रॉब यांनी त्याच्या पातळ पडद्यांचा पिंजरा करून त्यात उंदरासारखा एक हॅमस्टर ठेवला आणि पिंजरा पाण्यात बुडवला. पाण्यात विरघळलेला प्राणवायू पडद्यातून आत येत होता, उच्छ्वासाचा वायू बाहेर जात होता आणि माशांच्या शेजारात तो प्राणी कोरडाठाक बसून होता.

आता मूळ अडचणीकडे येऊ. जमिनीतून किंवा समुद्रातून निघणाऱ्या नैसर्गिक वायूत कामाचा असतो मिथेन. त्याच्यासोबत कार्बन डायऑक्साइड येतो. तो जळत नाही, आणि ओलसरपणा असला की नळ खातो. दोघांच्या अंगकाठीत फरक किती? मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. त्या मापाने कार्बन डायऑक्साइड ०.३३ आणि मिथेन ०.३८. एवढ्याशा फरकावर पहिल्याला सोडायचे आणि दुसऱ्याला अडवायचे. पॉलिइमाइड नावाचे कडक पॉलिमर हे काम प्रयोगशाळेत झकास करतात. पण विहिरीचा वायू वातावरणाच्या पन्नास-साठ पट दाबाने येतो. त्या दाबाखाली कार्बन डायऑक्साइड पापुद्र्यात इतका विरघळतो की पापुद्रा फुगतो, साखळ्या ढिल्या पडतात आणि मोठ्या अंगाचा मिथेनही सुटू लागतो. म्हणजे ज्याला आत सोडायचे त्यानेच पहारेकऱ्याला फितवायचे आणि मागून सगळ्यांनी घुसायचे! पश्चिम टेक्सासमध्ये १९८३ पासून तेलक्षेत्रावर वापरात आलेल्या सेल्युलोज ॲसिटेटच्या पडद्यांचीही हीच तक्रार. शुद्ध वायूवर त्यांची निवड तीसास एक भरते, प्रत्यक्ष विहिरीच्या वायूवर ती निम्म्याच्या आसपास उतरते.

यावरचा इलाज म्हणजे साखळ्या एकमेकींना बांधून टाकणे, इंग्रजीत ज्याला क्रॉसलिंकिंग म्हणतात ते. मी त्याला आडवा टाका म्हणतो. गोधडीचे पदर नुसते एकावर एक ठेवले तर सरकतात. आडवे टाके घातले की जागच्या जागी राहतात. ही कल्पना जुनी आहे. १८३९ साली चार्ल्स गुडइअरला असे दिसले की कच्चे रबर गंधकासह तापवले तर ते उन्हाळ्यात चिकट होत नाही आणि थंडीत तडकत नाही. साखळ्यांमध्ये गंधकाचे पूल बांधले गेल्याचा तो परिणाम, पण ते त्याला ठाऊक नव्हते. कर्जात बुडालेल्या अवस्थेत तो १८६० मध्ये वारला. (त्याचे कर्जप्रकरण माझ्या टेबलावर आले असते तर काय शेरा मारला असता, हा विचार मी करत नाही.)

पॉलिइमाइडला गंधक चालत नाही. तिथे पूल बांधायला वेगळे हात लागतात. जपानमध्ये १९९४ मध्ये अतिनील किरणांचा मारा करून विशिष्ट पॉलिइमाइडच्या साखळ्या जोडल्या गेल्या. १९९९ मध्ये अमेरिकेत विल्यम कोरोस आणि क्लॉडिया श्टाउट-बिकेल यांनी साखळीतच जागोजाग आम्लाचे हुक ठेवले आणि दोन टोकांनी पकडणाऱ्या ग्लायकॉलच्या रेणूंनी ते हुक जोडले. सिंगापूरला २००१ च्या सुमारास आणखी सोपी रीत निघाली. दोन्ही टोकांना अमाइन असलेला रेणू मिथेनॉलमध्ये विरघळवायचा आणि तयार पापुद्रा त्यात नुसता बुडवून ठेवायचा, तोही खोलीच्याच तापमानाला.

या सगळ्यात क्रमाला फार महत्त्व आहे. भाजलेली भाकरी पुन्हा थापता येत नाही. एकदा टाके पडले की तो पदार्थ कशात विरघळत नाही आणि तापवून वितळतही नाही. म्हणून आधी पापुद्रा किंवा धागा पुरता घडवायचा आणि मगच साखळ्या बांधायच्या. धाग्याच्या बाबतीत आणखी एक पथ्य असते. बांधण्यासाठी फार तापवले तर कातडीखालचा स्पंज मऊ होऊन बसतो आणि नाजूक साय जाड होते. म्हणून शास्त्रज्ञांची धडपड असते ती बंध कमी उष्णतेत कसे जुळतील याची.

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याची मुलगी पुण्यात याच विषयावर संशोधन करते. तिच्या प्रयोगशाळेत एक दुपार घालवली, आणि मला सारखी आठवत राहिली ती कोकणातली आंब्याची साठं. पॉलिमरची पिवळसर भुकटी आधी ओव्हनमध्ये खडखडीत वाळवायची. मग द्रावकात विरघळवून काकवीसारखी करायची, गाळायची, बुडबुडे बसेपर्यंत थांबायचे आणि काचेच्या सपाट तबकात ओतायची. तबक गवंड्याच्या पाणसळीने समपातळीत आणलेले असते. तसूभर कललेले असेल तर एक कड जाड आणि एक पातळ. वर झाकण ठेवायचे, कारण द्रावक घाईने उडाला तर वर पापुद्रा धरतो आणि खालचा ओलावा बुडबुडे होऊन वर येतो. साठ उन्हात घाईने वाळवणाऱ्या कुठल्याही आजीला हे सांगावे लागत नाही. मी जरा वाकून पाहू लागलो तशी ती म्हणाली, “काका, श्वास बाजूला सोडा हं. धुळीचा एक कण पडला तर चार दिवस वाया.”

वाळलेला पापुद्रा पाण्यात ठेवला की काचेपासून आपसूक सुटतो. जाडी केसाएवढीच. तो निर्वात भट्टीत वाळवून अमाइनच्या द्रावणात सोडायचा आणि घड्याळ लावायचे. पाच मिनिटांनी एक तुकडा, तासाने दुसरा, दिवसाने तिसरा. टाके पडले की नाही याची परीक्षा मला फार आवडली. तुकडा पुन्हा त्याच मूळ द्रावकात टाकायचा. बंध नसतील तर तो साखरेसारखा नाहीसा होतो. बंध पक्के असतील तर थोडा फुगून तसाच पडून राहतो.

मग तो पोलादी डबीत घट्ट आवळायचा, खालची बाजू निर्वात करायची, वरून वायू सोडायचा आणि खालचा दाब किती सावकाश वाढतो ते पाहत बसायचे. या झिरपेचे एकक बॅरर, शास्त्रज्ञ रिचर्ड बॅरर यांच्या नावावरून आलेले. वही उघडून तिने आकडे दाखवले. रसायन कळत नसले तरी रकाने मला कळतात. बुडवण्याचा वेळ वाढत गेला तशी निवड आधी सुधारत होती, पण झिरप सतत घटत होती आणि शेवटचा तुकडा तर डबीत आवळतानाच तडकला होता. टाके कमी पडले तर फितुरी थांबत नाही. जास्त पडले तर दारच बंद होते आणि पापुद्रा पापडासारखा मोडतो. १९९१ मध्ये लॉइड रोबसन यांनी तोवरच्या पॉलिमरचे आकडे एका आलेखावर मांडले तेव्हा असेच दिसले, की जो जास्त सोडतो तो कमी निवडतो, आणि एका तिरक्या रेषेपलीकडे कोणी गेलेला नाही. २००८ मध्ये ती रेषा त्यांनी थोडी वर सरकवली. पण ते आकडे शुद्ध वायूचे. दाबाखाली, मिश्र वायूत, महिनोन्‌महिने तो आकडा टिकतो का, हे त्या आलेखावर दिसत नाही आणि आडव्या टाक्याची किंमत ठरते ती तिथेच.

निवड घसरली म्हणजे नेमके काय बिघडते? हिशेब सरळ आहे. सुटलेला प्रत्येक मिथेनचा रेणू विकायच्या मालातून जातो. शिवाय शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा वजनागणिक सुमारे २८ पट पृथ्वी तापवतो. १९८६-८७ च्या सुमारास मी सांगली जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो. तेव्हा गोबरगॅसची कर्जप्रकरणे ढिगाने यायची. त्या वायूत ५५ ते ६५ टक्के मिथेन आणि उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. चूल त्यावर चालते. पण तोच सिलिंडरमध्ये भरून गाडी चालवायची तर मोठा हिस्सा नुसता हमाली होतो. आता साखर कारखान्यांच्या प्रेसमडपासून असा वायू करून शुद्ध करण्याचे प्रकल्प उभे राहत आहेत. केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्यासाठी ‘सतत’ योजना आणली. गाडीच्या इंधनासाठी मिथेन किमान ९० टक्के लागतो. हे काम पोकळ धाग्यांचे पडदे आजही करतात, आणि इथे दाब बेताचा असल्याने टाके न घातलेले धागेही भागवून नेतात. मात्र अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड आणि पाण्याची वाफ आधीच काढून घ्यावी लागते.

खरी कसोटी समुद्रातल्या विहिरींवर. वसईच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आपल्या समुद्रातला आंबट वायू नळाने हजिऱ्याला जातो आणि तिथे अमाइनच्या द्रावणाने उंच मनोऱ्यांत धुतला जातो. ते द्रावण पुन्हा वापरायचे तर वाफेने उकळावे लागते. किनाऱ्यावर जागा असते, वाफ असते, माणसे असतात. भर समुद्रातल्या तराफ्यावर मात्र टना-टनाचा हिशेब असतो. तिथे धाग्यांच्या चार नळकांड्यांनी मनोऱ्याचे काम केले तर सगळ्यांनाच ते हवे आहे. अडले आहे ते किमतीवर. चांगल्या पॉलिइमाइडमधला फ्लोरिनयुक्त घटक महाग आहे, आणि टाके घालण्याची आणखी एक पायरी किलोमीटर-किलोमीटर लांबीच्या धाग्यावर एकसारखी उतरवायची आहे. मी निघालो तेव्हा तासभर बुडवलेला तुकडा डबीत होता. कार्बन डायऑक्साइडच्या दाबाखाली त्याचा तो तिसरा आठवडा होता, आणि वहीतला त्याचा रकाना अजून भरायचा होता.