मुखाच्छादनबंदीचा वाद आणि ‘बुरखा’ शब्दाची अतिव्याप्ती

सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकण्यास कायद्याने मनाई करावी काय, हा प्रश्न महाराष्ट्रात वेळोवेळी उपस्थित होतो; परंतु तो ज्या शब्दांत मांडला जातो, त्यांची छाननी क्वचितच होते. मराठीत ह्या वादाचा सारा भार ‘बुरखा’ ह्या एकाच शब्दावर पडलेला आहे. केस व मान झाकणारा हिजाब, डोळ्यांखालील चेहरा झाकणारा नकाब आणि सर्वांगावरून घ्यावयाचे वस्त्र ही तिन्ही बोलण्याच्या ओघात ‘बुरखा’च ठरतात. मूळ अरबी शब्दाचा रोख मात्र मुखावरील आच्छादनाकडे आहे. शिवाय ‘सभ्यतेचा बुरखा’, ‘बुरखा फाडणे’ ह्यांसारख्या प्रयोगांनी त्यास ढोंगाचा अर्थ चिकटविला आहे. ‘पदर’ ह्या शब्दाच्या वाट्यास याउलट मर्यादा आणि आश्रय हे अर्थ आले. वस्त्राने वस्त्रच झाकावे, पण एका शब्दाने दोषाचा वास यावा आणि दुसऱ्याने मायेचा, ही भाषेची करामत वादाच्या प्रारंभीच निर्णय देऊन बसते.

‘गोषा’ हा शब्द आता मागे पडला असला, तरी ह्या संदर्भात तो उपयुक्त आहे. फारसीत त्याचा अर्थ कोपरा. मराठीत घरंदाज मराठा कुळांतील चालीसही तो लावला जाई. म्हणजे तो एका धर्मापुरता नव्हता. गोषातील स्त्री म्हणजे चारचौघांत न येणारी स्त्री. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १३२ रूढीनुसार लोकांसमोर न येणाऱ्या स्त्रियांना न्यायालयातील हजेरीपासून सूट देते. गोषा स्त्रीस घरात ठेवतो. बुरखा ती घराबाहेर पडल्यावरचा आहे. बुरख्यावर बंदी आली तर काही स्त्रिया चेहरा उघडा करतील, हे खरे. पण काही गोषात परततील, हेही तितकेच संभवनीय आहे. त्यांची संख्या रस्त्यावर मोजता येणार नाही.

फ्रान्सचा २०१० चा कायदा शब्दयोजनेच्या दृष्टीने अभ्यसनीय आहे. त्यात बुरख्याचा वा इस्लामचा उल्लेख नाही. ‘चेहरा लपविणे’ एवढेच शब्द आहेत. आरोग्य, क्रीडा, उत्सव इत्यादी कारणांना अपवाद आहे. चेहरा झाकणाऱ्या व्यक्तीस १५० युरोपर्यंत दंड, तर दुसऱ्यास तसे करण्यास भाग पाडणाऱ्यास एक वर्ष कैद व ३०,००० युरो दंड. २०१४ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. मात्र सुरक्षितता व स्त्रीपुरुषसमता ही कारणे सरसकट बंदीस पुरेशी मानली नाहीत; ‘एकत्र जगण्या’ची अट तेवढी मान्य केली. हा निकष काहीसा निसरडा आहे, कारण त्याची व्याप्ती बहुसंख्याकांच्या सवयीवर ठरते.

श्रीलंकेत २१ एप्रिल २०१९ च्या स्फोटांनंतर आणीबाणीच्या नियमांन्वये चेहरा झाकण्यास मनाई झाली. लगेच ‘सामना’च्या अग्रलेखाने भारतातही तशी बंदी मागितली, पक्षाने ती अधिकृत भूमिका नसल्याचे नंतर सांगितले. २०२२ च्या आरंभी उडुपीतील वाद डोके झाकण्याविषयीचा होता. तथापि तो मराठीत सर्रास ‘बुरख्याचा वाद’ म्हणून गणला गेला. नाशिक जिल्ह्यातील मालेगावात फेब्रुवारीत त्याच्या निषेधार्थ स्त्रियांची मोठी सभा भरली, तीत हिजाब व बुरखा अशी दोन्ही वस्त्रे होती.

चेंबूरच्या आचार्य-मराठे महाविद्यालयाच्या प्रकरणात मात्र हा भेद न्यायालयासमोर स्पष्ट झाला. महाविद्यालयाच्या वेषनियमाने हिजाब, नकाब, बुरखा, टोपी व बिल्ला ह्यांना एकत्र मनाई केली. २६ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने विद्यार्थिनींची याचिका फेटाळली. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी व बिल्ला ह्यांपुरती त्या नियमास अंतरिम स्थगिती दिली. वर्गात चेहरा झाकून बसण्यास मात्र अनुमती दिली नाही. शिक्षकाने कोणाशी बोलावे, हे चेहऱ्यावरून कळते, केसांवरून नव्हे. ह्या साध्या भेदावर तो आदेश उभा आहे, असे म्हणता येईल.

जानेवारी २०२५ मध्ये मंत्री नितेश राणे ह्यांनी दहावी-बारावीच्या परीक्षा केंद्रांत बुरख्यास परवानगी देऊ नये, असे पत्र शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे ह्यांना लिहिले. कारण ओळख व गैरप्रकार. गंमत अशी की, नाशिकच्या उन्हात दुचाकीवरील तरुणी ओढणीने डोळ्यांखेरीज सारा चेहरा बांधतात, आणि ८ एप्रिल २०२० पासून मुंबईत मुखपट्टी न लावणे हाच गुन्हा होता. ओळख पटविणे हा हेतू असेल, तर प्रवेशद्वारी क्षणभर चेहरा पाहणे पुरते. तपासणीसाठी महिला पोलीस वा कर्मचारी नेमण्याची सूचना त्याच पत्रात होती. ती सूचना मान्य केल्यावर बंदीसाठी कोणते कारण शिल्लक उरते, हे पत्रातील शब्दांवरून सांगता येत नाही.