विधानभवनात सरन्यायाधीश

दिनांक 8 जुलै 2025 रोजी मुंबईच्या विधानभवनात महाराष्ट्र विधिमंडळाने भारताचे सरन्यायाधीश न्यायमूर्ती भूषण गवई यांचा सत्कार केला. त्याच विधिमंडळातील विधान परिषदेचे सभापतिपद एके काळी त्यांचे वडील दादासाहेब गवई यांनी भूषविले होते, म्हणून अनेकांना तो घरच्यासारखा जिव्हाळ्याचा सोहळा वाटला. अमरावतीचा सुपुत्र देशाचा पहिला बौद्ध सरन्यायाधीश व्हावा, याचा आनंद खान्देशातील आपल्या वस्त्यांतूनही उमटला आणि तो रास्तच होता. परंतु त्या दिवशी ते बोलले ते संविधानाविषयी. संविधान सर्वोच्च असावे आणि न्यायसंस्था कार्यकारी सत्तेच्या हस्तक्षेपापासून मुक्त असावी, ही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची भूमिका त्यांनी आमदारांपुढे मांडली. या वाक्याचा अर्थ नीट उलगडून पाहण्यासारखा आहे.

अमेरिकेतील अनेक राज्यांत मुख्य न्यायाधीश विधिमंडळापुढे उभे राहून न्यायालयांची स्थिती, अडचणी आणि गरजा यांचे निवेदन करतात. आपल्याकडे अशी प्रथा नाही. उलट, संविधानाने या दोन संस्थांमध्ये विचारपूर्वक एक भिंत उभी केली आहे. सर्वोच्च अथवा उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाने कर्तव्य बजावताना केलेल्या वर्तनावर राज्य विधिमंडळात चर्चा करता येत नाही, असे अनुच्छेद 211 सांगतो. त्याच्या लगतचाच अनुच्छेद 212 न्यायालयांना बजावतो, की कार्यपद्धतीत काही चूक झाली एवढ्याच कारणावरून सभागृहाच्या कामकाजाची वैधता तपासता येणार नाही. दोघांनाही आपापला उंबरठा आखून दिलेला आहे.

हा उंबरठा ओलांडला गेला की काय होते, ते 1964 साली उत्तर प्रदेशात दिसले. गोरखपूरचे केशव सिंह यांना विधानसभेने अवमानाबद्दल सात दिवसांची कैद दिली. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ येथील दोन न्यायमूर्तींनी त्यांना जामीन दिला. संतापलेल्या सभागृहाने ठराव केला, की केशव सिंह, त्यांचे वकील आणि ते दोन्ही न्यायमूर्ती यांना ताब्यात घेऊन सभागृहापुढे आणावे! त्या उच्च न्यायालयाच्या 28 न्यायमूर्तींचे पूर्णपीठ बसले आणि त्याने ठरावाच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली. प्रकरण राष्ट्रपतींमार्फत सर्वोच्च न्यायालयाकडे गेले. तेथे सरन्यायाधीश होते महाराष्ट्राचेच प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. 30 सप्टेंबर 1964 रोजी बहुमताने दिलेल्या मतात न्यायालयाने सांगितले, की असा अर्ज ऐकणे उच्च न्यायालयाच्या अधिकारात होते आणि न्यायमूर्तींनी सभागृहाचा अवमान केलेला नाही. पुढे केशव सिंहांचा अर्ज उच्च न्यायालयाने फेटाळला, ही गोष्टही लक्षात ठेवावी. प्रश्न केशव सिंह खरे की खोटे हा नव्हता. त्यांचे म्हणणे ऐकून घेणारे स्वतंत्र दार उघडे राहील की नाही, हा होता.

आपल्या समाजाला या दाराचे महत्त्व पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. 1937 च्या जुलै अखेरीस बाबासाहेब एका खटल्याच्या कामासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले. त्याच वर्षी ते मुंबई प्रांताच्या विधानसभेवर निवडून आलेले होते. म्हणजे कायदा करणारा आणि कायद्याचा अर्थ न्यायालयापुढे मांडणारा, अशा दोन्ही भूमिका एकाच पुरुषात होत्या. त्या काळी तालुक्याचा मामलेदार सारा वसूल करी आणि दंडाधिकारी म्हणून निवाडाही देई. गावचा पाटील त्याच्या हाताखालचा. वतनी कामाच्या ओझ्याखाली दबलेल्या महाराने पाटलाविरुद्ध तक्रार न्यावी, ती त्याच साखळीतल्या वरच्या कडीकडे. हे वतनाचे जोखड हटविण्यासाठी बाबासाहेबांनी 1928 मध्येच मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले होते. पण नुसता कायदा बदलून भागत नाही, निवाडा करणारी खुर्चीही वेगळी असावी लागते.

म्हणूनच न्यायसंस्था कार्यकारी यंत्रणेपासून अलग करण्याचे निर्देशक तत्त्व अनुच्छेद 50 मध्ये आले. मुंबई राज्याने त्यासाठी 1951 मध्ये कायदा केला आणि 1 एप्रिल 1974 पासून नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने न्यायदंडाधिकारी व कार्यकारी दंडाधिकारी हा भेद देशभर पक्का केला. (प्रतिबंधक कारवाईचे काही अधिकार तहसीलदारांकडे आजही आहेत, हे आपल्यापैकी ज्यांनी आंदोलने केली त्यांना सांगावयास नको.)

मग विधिमंडळाचा न्यायालयाशी संबंधच उरत नाही काय? उरतो, आणि तो फार मोलाचा आहे. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचे वेतन व न्यायालयाचा प्रशासकीय खर्च राज्याच्या एकत्रित निधीवर भारित असतो. त्यावर चर्चा होऊ शकते, मतदान नाही. परंतु तालुका आणि जिल्हा न्यायालयांच्या इमारती, कर्मचारी, नवी पदे यांसाठीच्या मागण्या विधानसभेच्या मंजुरीवर अवलंबून असतात. आपल्यातील बहुतेकांचा न्यायालयाशी संबंध येतो तो याच पायरीवर. न्यायाधीशाने काय निकाल द्यावा हे आमदाराने विचारू नये. परंतु पक्षकारांना बसायला जागा का नाही, लिपिकाची जागा रिकामी का, हे त्याने अवश्य विचारावे. दुर्दैवाने आपण मतदारही आमदाराला रस्ता मागतो, सभामंडप मागतो, न्यायालय क्वचितच मागतो.

अशी मागणी फळाला येते, याचे उदाहरण दूर शोधावयास नको. औरंगाबादला खंडपीठ व्हावे, असा ठराव विधानसभेने 1978 मध्ये केला. 27 ऑगस्ट 1981 रोजी मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांच्या आदेशाने तेथे कामकाज सुरू झाले. त्याला आव्हान दिले गेले, पण सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. आज जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे त्या खंडपीठाच्या कक्षेत आहेत. धुळ्याहून मुंबई सव्वातीनशे किलोमीटरांच्या आसपास. खंडपीठाचे अंतर त्याच्या निम्म्याहून कमी. शेताच्या वादात अपील करावे की मुकाट्याने हार मानावी, हे कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी पुष्कळदा याच हिशेबाने ठरते. कोल्हापूरकरांनी तर यासाठी कित्येक वर्षे आंदोलन केले, आणि विधानभवनातील त्या भाषणानंतर सुमारे सहा आठवड्यांनी, 18 ऑगस्ट 2025 पासून, तेथील सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले.

दर वर्षी 31 जुलैला लांडोर बंगल्यावर भीमस्मृती यात्रा भरते. आपल्या वसतिगृहातील मुलांनी यंदा तेथून परतताना धुळ्याच्या जिल्हा न्यायालयातही पाऊल ठेवावे आणि एखादा खटला शेवटच्या बाकावर बसून ऐकावा. न्यायालय खुले असते. आत बसण्यास कोणाच्या ओळखीची गरज लागत नाही.